पायरीवरची ओली रेघ

माझे वडील बोटीवर होते. वर्षातले नऊ महिने ते आम्हाला पत्रातूनच भेटायचे. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली, ते पत्र लिहिताना बोट जिथे असेल तिथले अक्षांश-रेखांश लिहीत. मी शाळेचा अ‍ॅटलास उघडून तिथे पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचे. वडील आज आफ्रिकेच्या पश्चिमेला नेमके कुठे आहेत हे मला कुणीही विचारलं असतं तर सांगता आलं असतं. ते चहात साखर किती घेतात हे मात्र आईला विचारावं लागलं असतं, आणि आईला मी फारसं काही विचारत नसे.

बारावीपर्यंत मी मुंबईला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. मग वडिलांनी रत्नागिरीत दोन खोल्यांचं घर घेतलं, आई तिथे राहायला गेली आणि माझं नाव तिथल्या कॉलेजात घातलं गेलं. मराठी मला येत होतं, पण ते घरातल्या घरात वापरलेलं मराठी होतं. वर्गात मी एखादं वाक्य बोलले की आजूबाजूच्या मुली क्षणभर थांबत आणि मग उत्तर देत. कुणी कधी चिडवलं नाही. तो क्षणच मला पुरत होता. हळूहळू मी फक्त गरजेपुरतं बोलायला लागले, आणि काही दिवसांनी तेवढीही गरज उरली नाही. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात खिडकीजवळ बसायचे. तिथून समुद्राची एक पट्टी दिसायची, बोटभर रुंदीची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर फळ्यावर सूचना लागली. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही पुढे नुसतं सर म्हणू लागलो, खाडीत वल्हवायला आणि पाण्यावरून वाट काढायला शिकवणार होते. पोहता येणं आवश्यक. मुलींनाही प्रवेश. पोहायला मला मुंबईत शाळेनेच शिकवलं होतं. मी नाव दिलं, पण ते सूचनेखालच्या कागदावर शेवटी आणि बारीक अक्षरात लिहिलं.

आम्ही सहाजण झालो, चार मुलगे आणि दोन मुली. दुसरी मुलगी लांज्याकडच्या एका गावातली होती. वडील मुंबईला गिरणीत, घरी आई आणि भातशेती. ती मोठ्याने हसायची, मोठ्याने शिंकायची, आणि पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तू मुकी हायस की शिष्ट?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं.

"मग बरं. मला दोन्ही चालली असती म्हणा. बोलायचं काम मी करीन."

आमची जोडी अशी ठरली.

कयाक, म्हणजे वल्हवायच्या लांबट, अरुंद होड्या, मुंबईहून ट्रकने आल्या. ट्रकवाला गोव्याला निघालेला, त्याने त्या महामार्गावर हातखंब्याला उतरवून ठेवल्या आणि तो निघून गेला. आम्ही टेम्पो घेऊन आणायला गेलो तेव्हा तिथले टपरीवाले त्यांच्याभोवती जमले होते. तीन जोडीच्या आणि एक एकट्याची, चारही फायबरच्या आणि पिवळ्याधमक. एकाने विचारलं, "ह्यात आंबे भरतात काय?" त्या दिवसापासून आमच्यात त्यांचं नाव केळी पडलं.

सरांनी पहिला महिना आम्हाला वल्ह्यापेक्षा कागदच जास्त दिला. मोजणी खात्याचा नकाशा कसा वाचायचा, होकायंत्र छातीशी कसं धरायचं, दोन खुणा एका रेषेत ठेवून सरळ कसं जायचं. देवळाचं शिखर आणि मागचा एकटा माड एकामागे एक दिसत राहिले की आपण वाटेवर आहोत. माड शिखराच्या डावीकडे सरकायला लागला तर आपणही तिकडेच ओढले जातोय. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा फार बरं वाटलं. आपण चुकतोय हे कुणी तोंडाने सांगायची गरज नव्हती. माड सांगत होता.

सर बोलायला मोजके होते. मोठ्या जहाजांवर आयुष्य गेलेलं. ते म्हणत, "समुद्र मला थोडाफार कळतो. तुमची खाडी मला कळत नाही. इथल्या लोकांना विचारा." प्रत्येक धड्याच्या शेवटी हेच, इथल्या लोकांना विचारा. मी वहीत सगळं उतरवून घ्यायचे. हे वाक्य मात्र कधी लिहिलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीनंतर चार दिवसांची सफर ठरली होती, संगमेश्वरहून शास्त्री नदीने खाली जयगडच्या खाडीपर्यंत. त्याआधी प्रत्येक जोडीने एकेका रविवारी रत्नागिरीलगतच्या भाट्याच्या खाडीत एका दिवसाच्या फेरीचा बेत आखायचा आणि बाकीच्यांना घेऊन जायचं. ज्यांचा बेत सगळ्यात चांगला ठरेल त्यांना सफरीत पुढची होडी मिळणार होती.

ती पुढची होडी मला हवी होती. इतकी हवी होती की मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पुढच्या होडीतल्या माणसाला बोलावं लागतं, पण काय बोलायचं ते ठरलेलं असतं. डावीकडे. थांबा. त्या खडकाच्या बाहेरून. एवढंच बोलायचं, आणि सहाजणांनी ते ऐकायचं. त्यात सूर लावावा लागत नाही आणि कुणी क्षणभर थांबत नाही. लोकांमध्ये असण्याचा मला जमेल असा तो एकच प्रकार दिसत होता.

माझ्या जोडीदारणीलाही ती हवी होती, पण तिचं कारण सरळ होतं. "पुढं असलं म्हणजे फोटोत येतं," ती म्हणाली. "बेत तू कर. वल्हं मी मारते. पास झालो पायजे पण."

भाट्याच्या खाडीत कुठेही जायचं तर भरती-ओहोटीच्या वेळा हव्यात. त्या मला शिकवल्या कालवं काढणाऱ्या एका काकींनी. खाडीच्या तोंडाशी पाणी उतरलं की त्या खडकांवर उकिडव्या बसून टोकदार लोखंडाने कालवं फोडत. मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथे जाऊन वाळूत काठी रोवायचे आणि पाणी कुठवर आलं ते घड्याळ बघून लिहायचे. आठ-दहा दिवस त्यांनी बघितलं आणि मग हाक मारली.

"काय गो बाय, रोज काय लिवतंस? पाण्याची हजेरी घेतंस काय?"

मी वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रकाने बघून त्या हसल्या.

"आज तिथ कोणती?"

"माहीत नाही. आज तारीख..."

"तारीख काय करायची? दर्याला तारीख कळत नाय. तिथ सांग. पाऊणकी येते ना?"

"म्हणजे?"

त्यांनी हातातलं लोखंड खाली ठेवलं. "कालेजात जातंस नि पाऊणकी येत नाय? अगो, माझा बापूस खलाशी होता, त्याने मला आंगठा धरून शिकवली. म्हण. एक पाऊण पाऊण. बे पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन."

मी म्हटलं. खडकावर उभी राहून, एकोणीस वर्षांची मुलगी, शिशुवर्गातल्यासारखी. तिथीची पाऊणपट करायची, की त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे बारा वाजता सुकती, पूर्ण ओहोटी, आणि काकींचा धंदा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. माझ्या वहीतले दहा दिवसांचे रकाने मी त्या रात्री आईच्या कॅलेंडरशी ताडून पाहिले. पाव-अर्ध्या तासाच्या फरकाने सगळे जुळले. मला वाटलं, आता मला कुणाला काही विचारायची गरज नाही.

काकींनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आत चांदेराई गावापर्यंत पाणी पोचायला पाऊण तास जास्त लागतो. आणि चांदेराईच्या थोडं खाली खाडीत वाळू आणि गाळ आहे, तिथून परतताना "भरती फिरल्यावर तासाभरात सुटायचं. नायतर बसशील कालवासारखी चिकटून."

आमचा रविवार सगळ्यात शेवटचा होता. मी चांदेराईचा बेत केला, कारण इतक्या आत कुणी गेलं नव्हतं. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं, संकष्ट चतुर्थी. चार पाऊण तीन. भाट्याला तीनला भरती पूर्ण, चांदेराईला पावणेचार. बाराला निघायचं, चढत्या पाण्याने तीन वाजता पोचायचं, डबे खायचे, चार वाजता उतरत्या पाण्याबरोबर परत. मी ते सुबक अक्षरात लिहून सरांना दिलं. त्यांनी वाचलं आणि खिशात ठेवलं.

त्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात रताळी उकडत होती. वडील बोटीवर गेल्यापासून तिने संकष्टी धरली होती.

"कुठे निघालीस एवढं सामान घेऊन?"

"कॉलेजचं आहे."

"कुठे ते?"

"इथेच. खाडीत."

ती आणखी काहीतरी विचारणार होती. मग म्हणाली, "चंद्रोदयाच्या आत ये म्हणजे झालं." मी मान हलवली आणि निघाले. आमच्या घरात संभाषणं अशी संपायची. भांडण नसायचं. कुणीतरी मान हलवायचं.

जाताना सगळं छान झालं. आमची होडी पुढे, मागे दोन जोड्या, शेवटी एकट्याच्या होडीत सर. पाणी आम्हाला उचलून आत नेत होतं. दोन्ही काठांना कांदळाची झाडं, त्यामागे माड, वर जांभ्याचं उघडं पठार, काळपट सडा. मी पुढे बसून सांगत होते. डाव्या काठाने. आता मधे. मागून मुलगे "होऽ" म्हणून साद देत. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाने तीन होड्या वळत होत्या. मागे माझी जोडीदारीण वल्हं मारता मारता म्हणाली, "आयला, तुझा आवाज बरा हाय की गो. कुठं लपवून ठेवलेलास?" त्या वाटेवर मी जेवढी आनंदात होते तेवढी रत्नागिरीत कधीच नव्हते.

शेवटच्या टप्प्यात पाणी ढकलेनासं झालं. हात जड झाले. मला वाटलं दमलोय.

चांदेराईला तीनला पाच मिनिटं असताना पोचलो. काठावर दगडी पायऱ्या होत्या. होड्या बांधल्या, डबे उघडले. मुलगे सरांना जहाजावरच्या गोष्टी विचारत होते आणि सर त्या दिवशी खुलले होते. ते पायऱ्यांवर पाण्याकडे पाठ करून बसले होते. मी सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर बसले, कारण वर जागा असूनही मला तिथे कुणाशी बोलावं लागणार नव्हतं.

साडेतीनच्या सुमाराला मला ती दिसली. पाण्याच्या वर, दगडावर, बोटभर रुंदीची ओली रेघ. मी तिच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ती दोन बोटं झाली. एक वाळलेलं पान पायरीला लागून अगदी सावकाश खाली, भाट्याच्या दिशेला, निघालं होतं.

पाणी उतरायला लागलं होतं. माझ्या वहीप्रमाणे ते अजून पंधरा मिनिटं चढायला हवं होतं.

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, आणि आठवायला आवडत नाही. मला वाटलं, उठून सांगावं की माझी वेळ चुकली, लगेच निघू. मग सगळे माझ्याकडे बघतील. कुणीतरी विचारेल कशी चुकली, आणि ते मला माहीत नव्हतं. मी कागदावर चार लिहिलं होतं. सरांच्या खिशात ते होतं. कुणीतरी होडी हलवली असेल, त्याने दगड भिजला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. चार बोटं रेघ झाली तेव्हाही तेच सांगितलं. मी तिथून उठून दोन पायऱ्या वर जाऊन बसले, म्हणजे ती दिसणार नाही.

चार वाजता मी म्हटलं, "निघायचं." सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अगदी वेळेवर."

पाऊण तासाने आमची होडी घसरत घसरत थांबली. मागच्या तिन्ही होड्या आमच्याच मागोमाग येऊन वाळूवर बसल्या. माझी जोडीदारीण उतरली आणि मांडीपर्यंत गाळात गेली. पाणी आमच्यादेखत एका बाजूच्या अरुंद ओघळीत गोळा होत होतं. मग आम्ही सातजणांनी ती केळी चिखलातून ओढली, एका वेळी एक, काठापर्यंत. कुणी शिव्या घातल्या, कुणी हसले. सर एकदा गुडघ्यावर पडले आणि स्वतःच उठले. काठाच्या कांदळाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात. माझ्या जोडीदारणीच्या तळव्यात एक शिंपला खोल गेला. तिने ओढणी फाडून बांधली आणि म्हणाली, "भात लावताना याच्या दुप्पट चिखल असतो. पण त्याचे निदान तांदूळ तरी मिळतात."

काठावर बसून दम खाताना चर्चा झाली. खाडी गाळाने भरलीय, एकजण म्हणाला. नकाशा जुना आहे, दुसरा म्हणाला. माझी जोडीदारीण सगळ्यात मोठ्याने म्हणाली, "बेत बरोबरच होता. वाळू सरकली त्याला ही काय करणार?" तिच्या ओढणीतून रक्त येत होतं. मी वल्ह्याचा चिखल पानाने पुसत होते.

होड्या जवळच्या एका घराच्या अंगणात ठेवल्या आणि आम्ही एस.टी.ने परतलो. कंडक्टरने दारातच अडवलं. "ओ, ओ, काय हे? रेडे काय तुम्ही? सीटवर बसायचं नाय हां. उभे राहा." माझी जोडीदारीण एका पायावर उभी होती. "मास्तर, एका तंगडीचं अर्धं तिकीट देता काय?" ती म्हणाली आणि सगळी गाडी हसली. मग त्यानेच पुढच्या सीटवर वर्तमानपत्र पसरून तिला बसवलं.

घरी पोचले तेव्हा आई चंद्रोदयाची वाट बघत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाणी तापत ठेवलं. अंघोळ करून मी कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिले. लाल अक्षरांच्या खाली, मुंगीएवढ्या काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, तृतीया, आणि पुढे ती कधी संपते त्याची वेळ, सायंकाळची.

"आई, आज तृतीया की चतुर्थी?"

आईने वळून बघितलं. मी असलं काही विचारेन असं तिला वाटलं नसावं.

"दिवसा तृतीया. चंद्र उगवताना चतुर्थी लागते म्हणून संकष्टी आज. बरेचदा असंच असतं. का गं?"

"काही नाही."

तीन पाऊण सव्वादोन. पाऊण तासाची चूक. रत्नागिरीतल्या कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाईने हे मला भाजी निवडता निवडता सांगितलं असतं.

सोमवारी संध्याकाळी सगळे जमले. मी वर्गात जायच्या आधी जिन्यात वाक्यं ठरवून ठेवली होती. मी उभी राहून तिथीची गोष्ट सांगितली. संकष्टीची लाल अक्षरं, खालची बारीक तृतीया. एक मुलगा हसायला लागला. "म्हणजे गणपतीने बुडवलं!" सगळे हसले, सरही. कुणी रागावलं नव्हतं. ही अशी चूक होती की तिच्यावर पुढे वर्षभर विनोद झाले असते, आणि मीही त्यात असते.

सर म्हणाले, "चूक झाली, ती तू शोधलीस, आणि येऊन सांगितलीस. मला एवढं पुरे आहे. सफरीत पुढची होडी या दोघींची."

माझ्या जोडीदारणीने बाकावर थाप मारली. तिच्या पायाला पांढरं बँडेज होतं.

मग सर म्हणाले, "खरी चूक माझी आहे. मी त्या पायऱ्यांवर तासभर बसलो होतो, पाण्याकडे पाठ करून. पाणी फिरलेलं मला दिसायला हवं होतं. एवढी वर्षं पाण्यावर काढली आणि गप्पा मारत बसलो. वय झालं." ते हसून म्हणाले, पण त्यांनी ते पुसून टाकायच्या सुरात म्हटलं नव्हतं. त्यांना ते लागलं होतं.

मी बसले होते. मला हवं होतं ते मला मिळालं होतं. मी पुन्हा उभी राहिले. या वेळी वाक्यं ठरवलेली नव्हती, त्यामुळे ती कशीही आली.

"मला दिसलं होतं. साडेतीनला. पायरीवर ओली रेघ होती. मी बघत होते. मी बोलले नाही."

कुणी हसलं नाही. माझ्या मराठीसाठी मुली जितक्या थांबत त्यापेक्षा हे थांबणं लांब होतं.

"का?" सरांनी विचारलं.

"कागदावर चार लिहिलं होतं."

त्यांनी हातातला खडू फळ्याखाली ठेवला. मग म्हणाले, "बघायला तुला मी शिकवायची गरज नाही. ज्याला दिसतं आणि जो सांगत नाही, त्याच्यामागे मी मुलांना पाठवू शकत नाही. पुढची होडी दुसऱ्या जोडीला."

"हो," मी म्हटलं.

माझी जोडीदारीण माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त विचारलं, "साडेतीनला? आणि काठावर मी तुझ्या बाजूने एवढं बोलले, तेव्हा पण तुला माहीत होतं?"

मी मान हलवली. ती उठली आणि लंगडत पुढच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं की तिला जोडी बदलून हवी आहे. मुलगे आपल्या जोड्या मोडायला तयार नव्हते. शेवटी सर तिच्याबरोबर जोडीच्या होडीत बसले आणि त्यांची एकट्याची होडी मला मिळाली.

सफरीला मी जाईन असं मला वाटलं नव्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. "तू सगळ्यात मागे राहायचंस. दर अर्ध्या तासाने मागून काय दिसतंय ते ओरडून सांगायचं. पाणी, वारा, कोण वाट सोडतंय ते. काही दिसत नसेल तर तेही सांगायचं. पुढच्या होडीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

पहिल्या दिवशी संगमेश्वरहून निघालो तेव्हा सकाळ होती आणि नदीवर धुकं होतं. अर्ध्या तासाने मी ओरडले. आवाज माझ्याच होडीत पडला. कुणी वळून बघितलं नाही. पुन्हा ओरडले, तेव्हा सरांनी वल्हं वर केलं, म्हणजे ऐकू आलं, पण ते माझ्यापासून सगळ्यात जवळ होते. एकट्याच्या होडीत माणूस फार लहान होतो. जोडीच्या होड्यांतून बोलणं, खाणं, हसणं पाण्यावरून मागे येत होतं, शब्द नाहीत, नुसता आवाज. तिचं हसणं त्यात वेगळं कळायचं. मुक्कामाला ती मला भाकरी वाढायची, डाळ हवी का विचारायची, आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन झोपायची. तिने मला कुणापुढे कधी वाईट म्हटलं नाही. मला तरीही ती विचारेल असं वाटत होतं, मुकी हायस की शिष्ट. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी घसा बसला. मी काळा चहा पिऊन ओरडत राहिले. वारा मागून, मंद. पाणी चढतंय. सगळे वाटेवर. काही दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फुणगूस गावाच्या पुढे खाडी रुंद झाली. पुढची होडी उजव्या काठाला फार जवळ गेली होती. त्यांच्यापासून शंभर हातांवर पाण्याचा रंग बदलला होता, आणि एक बगळा पाण्यात नुसता पाऊल भिजेल एवढ्यावर उभा होता. अर्धा तास व्हायला अजून दहा मिनिटं होती. मी वल्हं आडवं ठेवलं आणि ओरडले, "उजवीकडे उथळ! डावीकडे घ्या!"

पुढच्या होडीतल्या मुलाने हात वर केला. एकामागून एक होड्या डावीकडे वळल्या, आधी पहिली, मग दुसरी, मग सरांची आणि तिची. तिने आपल्या बाजूचं वल्हं जोरात मारून वळण घेतलं. मागे बघितलं नाही. मी त्यांच्या मागून वळले आणि घड्याळात पुढचा अर्धा तास मोजायला सुरुवात केली.